नावाड्याच्या बायकोचं काय झालं?

कपडेघरातल्या बायका तिला तोफ म्हणायच्या, आणि पाठीमागे नाही, तोंडावर म्हणायच्या. राग तिच्या नाकावर कायम बसलेला. बस थांब्याच्या पुढे जाऊन थांबली की ड्रायव्हरला दोन शब्द सुनावल्याशिवाय ती चढायची नाही. कुणी ‘बघू, करू’ म्हणालं की ‘कधी बघणार?’ हे तिचं ठरलेलं. लोक म्हणायचे, या वयात बाईमाणसानं थोडं निवळायला हवं. निवळायला ती काय गढूळ पाणी होती? पन्नाशी ओलांडली की राग यायचा थांबतो असं कुठे लिहून ठेवलेलं नाही. शिवाय तिचा राग बहुतेक वेळा वाजवी असायचा आणि लोकांची खरी अडचण तीच होती.

कपडेघर म्हणजे एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरातली धुलाई. वरच्या वॉर्डांतल्या चादरी, गाऊन, ऑपरेशनची हिरवी कापडं ढिगानं खाली यायची, अवजड यंत्रांत धुऊन निघायची आणि मग एका लांबलचक तापलेल्या रोलरमधून कडक होऊन बाहेर पडायची. त्या तोंडाशी बायका जोडीजोडीनं उभ्या. एकीने दोन कोपरे धरायचे, दुसरीने दोन. मागे सरकून चादर ताणायची, झटका द्यायचा, पुढे येऊन कोपऱ्याला कोपरा लावायचा. पुन्हा मागे, पुन्हा पुढे, की घडी ट्रॉलीवर. रोलरची घरघर अशी, की चादरीच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या बाईचे नुसते ओठ हलताना दिसायचे. ऐकू यायचं ते पुढे येऊन हाताला हात लागला की, तेवढ्यापुरतं. त्यामुळे तिथलं सगळं बोलणं तुकड्यातुकड्यांत चालायचं. एखादीनं सुनेची तक्रार सुरू केली तर ती संपेपर्यंत अख्खा पुरुषांचा वॉर्ड घडी होऊन जायचा.

तोफेची जोडीदारीण होती मावशी. मावशी कुणाची मावशी होती कोण जाणे. सगळं कपडेघर तिला मावशीच म्हणायचं. बारीक, वाकलेली, आणि तोफेच्या अगदी उलट. मावशीच्या तोंडात एकच शब्द, ‘असू दे’. तिची सुट्टी दुसरीला दिली, असू दे. तिच्या डब्यावर कुणी ट्रॉली आदळली, असू दे. ऐकून ऐकून तोफेचं पित्त खवळायचं. “अहो मावशी, किती असू द्याल? जागा उरली का अंगात?” मावशी हसायची आणि म्हणायची, “असू दे गं, चादर धर.”

या दोघींचं एक चालू असायचं, ते म्हणजे गोष्ट. तोफ आदल्या संध्याकाळी घरी जे वाचायची ते दुसऱ्या दिवशी मावशीला सांगायची. एका चादरीला दोन वाक्यं: पहिल्या घडीला एक, दुसऱ्या घडीला एक. लहान मुलांच्या वॉर्डातल्या आखूड चादरी आल्या की वाक्यंही आखूड व्हायची. अशी चार जाडजूड पुस्तकं वर्षानुवर्षं घड्या घालत सांगून झाली होती. मावशीला वाचता येत नव्हतं असं नाही. पण एवढं जाड पुस्तक बघितलं की मला झोपच येते, ती म्हणायची, आणि तुझ्या तोंडून ऐकायला बरं वाटतं.

आता ही पुस्तकं कुठली? तर मुलांची. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींसाठी लिहिलेली, वर अस्वलाचं चित्र, सोनेरी अक्षरं. तोफेची लेक शाळेत असताना तिनं खाऊच्या पैशांतून पहिली चार घेतली होती. लेक मोठी झाली, कॉलेजात साहित्य शिकवायला लागली, लग्न होऊन गेली, आणि पुस्तकं मागे राहिली. एकदा तापात पडून राहिलेल्या तोफेनं वेळ जाईना म्हणून पहिलं हातात घेतलं. ताप उतरला, पण पुस्तक काही खाली ठेववेना.

त्या पुस्तकातल्या राज्यात मुलगी सोळा वर्षांची झाली की तिला नदीपलीकडच्या बुरुजात नेतात आणि तिचा राग काढून घेतात. कापसातून सूत काढावं तसा छातीतून ओढून काढतात, चात्यांवर गुंडाळतात, आणि त्या चात्या राजाच्या भट्ट्यांत जाळतात. सगळ्या राज्यातले दिवे त्या रागावर जळतात. मुली घरी परततात त्या शांत होऊन. गोड बोलतात, वेळेवर ताटं वाढतात आणि पुन्हा कशाला नाही म्हणत नाहीत. नावाडी या मुलींना नदीपार नेतो. त्याच नावाड्याच्या मुलीची पाळी येते, आणि ती आदल्या दिवशी पळते. आपला राग ती एका डोळ्याच्या एका अस्वलाजवळ ठेवायला देते. अस्वल तो गालात धरून चालतं. पुढे चार भाग पळापळ, लढाया, बर्फ, जंगल, दगाबाजी, सगळं.

हसायचं असेल त्यानं हसावं. तोफेला त्याचं काही वाटत नव्हतं. ती सोळाची होती तेव्हा भावाच्या शिक्षणासाठी तिची शाळा सोडवली आणि काकांच्या दुकानात पुड्या बांधायला बसवलं. तुला काय वाटतं असं कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती, हे तिला आता उमगलं होतं, आणि ते म्हणणारी मुलगी तिला त्या पुस्तकात भेटली होती. म्हणून ती वाचायची.

लेकीला हे कळलं असतं तर लेक म्हणाली असती, आई, जरा चांगलं वाच. आणि न कळताच एकदा तिनं तसं केलंही. आईच्या वाढदिवसाला तिनं एक बक्षीस मिळालेली कादंबरी आणून दिली. तोफेनं ती शेवटपर्यंत वाचली. कादंबरीतली बाई स्वयंपाकघरात उभी असते, नवरा तिच्याकडे बघत नाही, आणि शेवटी ती खिडकीतून बाहेर बघते. संपलं. तोफेनं पुस्तक मिटलं आणि भांडी घासायला गेली. त्या दिवशी भांडी जरा जास्तच आपटली.

पाचवा, शेवटचा भाग लिहायला लेखकानं इतकी वर्षं लावली की तोवर तोफेचे केस पांढरे झाले. तो आल्यावर तिनं दुकानात जाऊन स्वतः विकत घेतला. दुकानदार म्हणाला, “नातवासाठी का?” “तुमच्या आजोबांसाठी,” तोफ म्हणाली आणि सुट्टे पैसे मोजून घेतले.

मावशीला अस्वलाचं कौतुक नव्हतं, लढायांचंही नव्हतं. तिला एकच गोष्ट हवी होती. पहिल्या भागात मुलगी पळते तेव्हा दाराला बाहेरून कडी असते. ती कडी आई काढते. आईचा राग केव्हाच जळून गेलेला. तिला आनंद होत नाही, दुःख होत नाही, ती जाळी विणत बसलेली असते. ती काही बोलत नाही, लेकीकडे बघतसुद्धा नाही, पण उठून कडी काढते आणि परत जाळी विणायला बसते. त्यानंतर चार भाग संपले तरी ती पुन्हा दिसलीच नाही. दर थोड्या दिवसांनी मावशी हाताला हात लागला की विचारायची, “तिच्या आईचं काय झालं गं?” तोफ मागे सरकायची, चादर ताणायची, पुढे यायची आणि म्हणायची, “अजून नाही आलं. शेवटी येईल.”

आणि आता शेवट आलाच होता, कारण शुक्रवार मावशीचा कामावरचा शेवटचा दिवस होता. पुढच्या आठवड्यात ती दूर मुलाकडे जाणार होती, त्याचं बाळ सांभाळायला. मावशीची भाड्याची खोली मुलानं परस्पर सोडून टाकली होती, तिकीटही काढून पाठवलं होतं. “तुम्हाला विचारलं तरी का?” तोफेनं विचारलं होतं. “त्याला कुठे वेळ असतो गं विचारायला,” मावशी म्हणाली. “असू दे. तेवढं तिच्या आईचं सांगून टाक म्हणजे झालं.”

पाचवा भाग अर्ध्यावर आला होता. तोफेनं मनाशी हिशोब बांधला होता: रोज संध्याकाळी एवढी पानं, शुक्रवारी शेवट. सोमवारी कामावरून आली, हातपाय धुतले, चहा घेतला आणि टीव्हीखालच्या कप्प्याकडे हात नेला. कप्पा रिकामा. पाचही पुस्तकं नाहीत.

“अहो, इथली पुस्तकं कुठायत?”

नवरा टीव्ही बघत होता. “कुठली?”

“कुठली म्हणजे? टीव्हीखालची!”

“ती होय. दुपारी आपली मुलगी येऊन घेऊन गेली. तिच्या नणंदेच्या मुलाला वाढदिवसाला द्यायची होती म्हणे. मी म्हटलं ने की, आपल्या घरात आता कोण वाचतंय?”

तोफेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा माणूस वाईट नव्हता. दारू नाही, मारणं नाही, पगार घरात. त्यानं हे मुद्दाम केलं असतं तर तिनं त्याला धुऊन, रोलरमधून काढून ट्रॉलीवर ठेवला असता. पण त्यानं मुद्दाम केलं नव्हतं. कित्येक वर्षं रोज संध्याकाळी ती याच सोफ्यावर, त्याच्यापासून एका उशीच्या अंतरावर, याच दिव्याखाली वाचत बसायची, आणि तो खरोखर, मनापासून म्हणत होता, आपल्या घरात कोण वाचतंय.

“मी रोज संध्याकाळी इथे काय करते?” तिनं विचारलं.

त्यानं टीव्हीचा आवाज कमी केला. प्रश्न मनावर घेतला. थोडा विचारही केला.

“बसतेस,” तो म्हणाला.

तोफेनं फोन उचलला आणि स्वयंपाकघरात जाऊन लेकीला लावला. लेकीला आधी समजेचना. “अगं आई, ती मुलांची पुस्तकं आहेत. मी शाळेत असताना घेतलेली. पडून होती म्हणून नेली.”

“पाचवं मी घेतलंय. दुकानात जाऊन. त्यात खूण होती घातलेली, चादरीची फाटकी किनार. दिसली नाही तुला?”

“तू घेतलंस?” लेकीचा आवाज उतरला. मग म्हणाली, “मला वाटलं, बाबांनी माझ्यासाठी घेऊन ठेवलं असेल.”

“बाबांनी! बाबांना घरात पुस्तक आहे की नाही ते ठाऊक नाही, आणि बाबांनी!”

“बरं, चिडू नकोस. पण आता परत कसं मागू? रिबीन बांधून दिलीय. सासरचा मामला आहे, आई. मी तुला नवीन आणून देते, पुढच्या आठवड्यात.”

“पुढच्या आठवड्यात मला त्याचं काय लोणचं घालायचंय? मला शुक्रवारच्या आत हवं. आणि तू मागू नकोस. मी मागते.”

मंगळवारी कामावरून ती थेट लेकीच्या नणंदेकडे गेली. पिशवीत लेकीनं दिलेली ती बक्षिसाची कादंबरी घेतली होती. तुझं तू घे, माझं मला दे, एवढा साधा व्यवहार तिनं ठरवला होता. लेक आधीच तिथे येऊन बसली होती. आईला ओळखत होती, म्हणून भांडण होण्याआधी सोडवायला आली होती. नणंद चांगली बाई होती, हसून पाणी दिलं. चार भाग मुलाच्या पलंगाखाली खोक्यात होते, रिबीन तशीच.

“आणि पाचवा?” तोफेनं विचारलं.

नणंद ओशाळली. “तो ना... अहो, तो सगळ्यात जाड होता.”

हॉलच्या कोपऱ्यात काचेची मोठी टाकी होती माशांची. तिच्या लोखंडी स्टँडचा एक पाय आखूड होता. आणि त्या पायाखाली पाचवा भाग होता, अस्वल खाली, पाठ वर, आणि टाकीतलं पाणी बदलताना सांडलेलं सगळं पिऊन फुगलेला. सोनेरी मासे वर मजेत फिरत होते.

तोफ तरातरा टाकीपाशी गेली. लेक पटकन उठली. “आई, प्लीज. इथे नको. पुस्तकच आहे गं.”

“पुस्तकच आहे ना?” तोफ म्हणाली. “मग तुझं घेऊ की.” तिनं पिशवीतून बक्षिसाची कादंबरी काढली. नणंदेनं टाकी कशीबशी धरली, लेकीनं घाबरून दुसरी बाजू धरली, आणि तोफेनं खाली बसून एक पुस्तक काढून दुसरं सरकवलं. कादंबरी जरा पातळ पडली. नणंदेनं आतून पुठ्ठा आणून दिला तेव्हा टाकी सरळ उभी राहिली.

“आई, अगं, काय हे! ते किती महत्त्वाचं पुस्तक आहे!” लेकीचा चेहरा लालबुंद झाला होता. “तुला कळतंय का तू काय करतेयस? तुला हे पोरकट वाचायचं आणि जे खरं आहे, जे वास्तव आहे, ते...”

“वास्तव मला कुणी विकत आणून देऊ नये,” तोफ म्हणाली. “माझ्या घरी ते फुकट आहे. तुझ्या त्या बाईनं मूग गिळले, मूग गिळले आणि शेवटी खिडकीतून बाहेर बघितलं. वा वा! मीही बघते. आमच्या खिडकीतून समोरच्यांचा जिना दिसतो. मला बक्षीस मिळालं का?”

“पण हे खरं नसतं, आई. अस्वलं, बुरूज...”

“मला ठाऊक आहे खरं नसतं! मी काय दुधखुळी आहे? इथे एक पोरगी नाही म्हणते आणि तिच्या नाहीनं बुरूज हलतो. मी आयुष्यात किती वेळा नाही म्हटलंय, आपल्या घरातली एक कपबशी तरी हलली का? तुम्ही सगळे काय म्हणता? तोफ आहे, चालायचंच. ओरडू दे, दमेल आणि गप्प बसेल. म्हणजे माझा राग काढून घ्यायची तरी काय गरज, तो तुम्ही ऐकतच नाही! तिथे निदान त्याची किंमत कळते लोकांना. जाळायला का होईना, उपयोगी पडतो.” तिचा श्वास चढला होता. “आणि तुला पोरकट वाटतं. तू सोळाची असताना हेच वाचून रडली होतीस. मी चहा घेऊन आले तेव्हा म्हणालीस, जा आई, तुला नाही कळणार.”

 टाकीवरचा लेकीचा हात अजून तसाच होता. नणंद म्हणाली, “चहा टाकते मी,” आणि आत गेली. तोफ चहाला थांबली नाही.

पुस्तकाची मागची बाजू जास्त भिजली होती. शेवटची पानं एकमेकांना अशी चिकटली होती की ओढलं तर लगदा हातात यावा. बुधवारी ते तिनं कपडेघरात आणलं. रोलरच्या लोखंडी झाकणावर, जिथे बायका डबे गरम करायला ठेवायच्या, तिथे दोघींनी ते जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळून ठेवलं. मावशी दर थोड्या वेळानं जाऊन ते उलटायची, भाकरी परतावी तसं, आणि एकेक पान नखानं हळूच सुटं करायची. सुटलेली पानं तोफेनं जेवणाच्या सुट्टीत वाचली, घरी नेऊन वाचली, नवरा समोर बसलेला असताना मुद्दाम खाकरून पान उलटून वाचली. गुरुवारी दिवसभर घड्यांबरोबर गोष्ट पळत होती. बुरूज आला. दगाबाज सापडला. अस्वल मेलं, तेव्हा मावशीनं दोन चादरींच्या घड्या घातल्या. मग म्हणाली, “आणि आई?”

“चिकटलेल्या पानांत असेल,” तोफ म्हणाली. “शेवटचं प्रकरण राहिलंय.”

ती शेवटची पानं शुक्रवारी सकाळी घरीच सुटली आणि तोफेनं बसमध्ये वाचली. वाचून झाल्यावर पुन्हा एकदा वाचली. मग मागे जाऊन सगळा शेवट चाळला. राजा मेला होता. चात्या सुटल्या होत्या, सगळ्या बायकांचा राग जिचा तिला परत गेला होता. मुलगी नावेतून समुद्राकडे निघाली होती, बरोबर तिचा तो देखणा मित्र. सूर्य उगवत होता. आईचं नाव नव्हतं. एक ओळ नव्हती. नदीकाठी घर होतं, घरात जाळी विणणारी एक बाई होती, तिनं कडी काढली नसती तर पाच भाग सोडा, पहिल्या भागाचं दुसरं प्रकरणही झालं नसतं, आणि लेखक तिला विसरला होता. इतकी वर्षं लावून विसरला होता.

तोफेच्या अंगाचा तिळपापड झाला. शेजारी बसलेला माणूस तिच्याकडे बघायला लागला, कारण ती मोठ्यानं म्हणाली होती, “हलकट!” तो माणूस पुढच्या थांब्यावर उतरला.

मग तिला मावशीची आठवण झाली. रचून सांगणं काही अवघड नव्हतं. कपडेघराच्या जिन्यापर्यंत तिनं रचलंही: आईचा राग परत येतो, आई जाळी फेकून देते, नाव वल्हवत लेकीला गाठते. मावशीला आवडलं असतं. मावशी ‘बरं झालं गं’ म्हणाली असती आणि गाडीत बसून मुलाकडे गेली असती. पण जिना उतरताना तोफेचा राग पुन्हा उसळला. लेखकानं पाडलेलं भोक मी का रफू करू? आणि तेही मावशीला फसवून?

दुपारी सुपरवायझरनं निरोपाचा कार्यक्रम ठेवला. रोलर थोडा वेळ बंद केला, सगळ्यांना अर्धा अर्धा कप चहा दिला. “आमच्या मावशी म्हणजे गाय,” तो म्हणाला. “इतक्या वर्षांत त्यांचा आवाज चढलेला कुणी ऐकलाय का? ऐकला असेल तर हात वर करा!” कुणीच हात वर केला नाही. सगळे हसले, टाळ्या वाजल्या. मग त्यानं मावशीला सगळ्यांतर्फे भेट दिली. डबलबेडची चादर. आयुष्यभर चादरींच्या घड्या घातलेल्या बाईला चादर! तोफेनं कप असा ठेवला की त्याचा कान तुटला. मावशीनं पुडा उघडून कापड दोन बोटांत चाचपलं. “असू दे,” ती तोफेच्या कानाशी म्हणाली. “सुती आहे.”

रोलर पुन्हा सुरू झाला. शेवटची ट्रॉली बायकांच्या वॉर्डाची होती. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. चादर बाहेर आली, चार कोपरे धरले गेले, मागे, झटका, पुढे.

“राजा मेला,” तोफ म्हणाली.

मागे, पुढे.

“चात्या सुटल्या. सगळ्यांचा राग ज्याचा त्याला परत मिळाला.”

मावशीचे डोळे चमकले. पुढची चादर. “म्हाताऱ्यांनापण?”

“म्हाताऱ्यांनापण.”

“मग आई?”

तोफ मागे सरकली. चादर ताणली, झटका दिला. ती पुढे आली. हाताला हात लागला. “आईचं नाही लिहिलं, मावशी. विसरलाय तो मेला. सगळं शोधलं मी. एक ओळ नाही.”

मावशी तिच्याकडे बघत राहिली. मग आपले कोपरे घेऊन ती मागे सरकली, नेहमीसारखी, चादर संपेपर्यंत. चादर ताणली गेली. आता तिनं पुढे यायचं होतं. ती आली नाही. कोपरे मुठीत धरून त्या टोकाला उभी राहिली, आणि तिचे ओठ हलले, आणि तोफेला ऐकू आलं.

“नाही लिहिलं म्हणजे?”

शेजारच्या जोडीनं मान वळवली. त्यांनाही ऐकू आलं होतं.

“कडी कुणी काढली होती?” मावशी ओरडली. तिचा आवाज चिरका होता, कधी न वापरलेला, आणि तो रोलरच्या घरघरीच्या वरून सगळ्या तळघरात गेला. “ती पोरगी कुणामुळे पळाली? समुद्रावर चालली होय! मागे वळून बघितलं का तिनं? आई जिवंत आहे का मेली, कुणी विचारलं का? तिला काय हवं होतं, विचारलं का कुणी?”

एकेक करून सगळ्या जोड्या थांबल्या. सुपरवायझर केबिनमधून हातात कप घेऊन धावत आला. “काय झालं? मावशी, अहो, काय झालं? शेवटचा दिवस आहे. असू दे ना.”

“का म्हणून असू दे?” मावशीनं त्याच्याकडे बघितलं, आणि तो जिथे होता तिथेच उभा राहिला. “आणि ती तुमची चादर घेऊन जा आधी. चादरी बघितल्यात मी.”

तोफेनं तिच्या बाजूचे कोपरे घट्ट धरले होते.  मधली चादर ताठ झाली होती, आणि मावशीच्या बाजूनं ती थरथरत होती.

“तोफे,” मावशी त्या टोकावरून म्हणाली, “तुझा फोन काढ. माझ्या पोराला लाव.”

“काय सांगणार त्याला?”

“ते मी बघते. तू लाव.”

तोफेनं फोन काढायला एक हात सोडला. रोलरमधून पुढची चादर बाहेर येत होती, तिच्यामागून आणखी एक, आणि त्या उचलायला कुणीही हललं नाही.